शाईविना गोंदण: सुईचा इतिहास आणि घरातला रोलर



आपल्या मंडळातील ज्या सभासदांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी आपल्या दंडाकडे एकदा पाहावे. बहुतेकांच्या दंडावर देवी काढल्याच्या गोल खुणा अजून असतील. ज्यांच्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा मनगटावर हिरवट गोंदण होते, त्यांना तेही आठवेल. लहान मुलांच्या अंगावर बीसीजीची खूण असते. तात्पर्य, कातडीला सुई टोचून घेणे ही आपल्या घराला नवी गोष्ट नाही.

नवा आहे तो रोलर. दाढीच्या रेझरएवढ्या दांड्यावर एक छोटे चाक, चाकावर शेकडो बारीक सुया, आणि तो चेहऱ्यावर फिरवायचा. याला डर्मारोलर म्हणतात आणि या उपचाराला मायक्रोनीडलिंग. फोनवरून मागवला की दोन-तीन दिवसांत दारात हजर होतो. मंडळाच्या कार्यक्रमांत गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले, "हे घरी केले तर चालते का?" विचारणाऱ्यांत मुरुमांच्या खड्ड्यांनी त्रासलेली पॉलिटेक्निकची मुले होती, त्यांच्या आया होत्या आणि लग्न ठरलेल्या मुलीही होत्या.

आमच्या नावाआधीचे "डॉ." हे रसायनशास्त्राचे आहे, वैद्यकाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. त्यामुळे कोणाच्या चेहऱ्याला काय लावावे हे आम्ही सांगणार नाही. परंतु सुई कातडीतून आत गेली की काय होते आणि सुई स्वच्छ करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी शेजारचा आहे. शिवाय त्याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. म्हणून आधी तो इतिहास पाहू.

गोंदणारीण आणि कातडीचे थर

जत्रेत किंवा आठवडी बाजारात गोंदणारीण बसत असे. दोन-चार सुया एकत्र बांधलेल्या आणि दिव्याची काजळी पाण्यात किंवा एखाद्या झाडपाल्याच्या रसात कालवलेली, एवढेच तिचे भांडवल. तुळस, नक्षत्र, ठिपके, कधी नवऱ्याचे नाव. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे आपल्याबरोबर येते, असे जुन्या बायका म्हणत. सासरी दागिने काढून घेतले गेले, तरी हा दागिना कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

गोंदण कायम का राहते, हे समजले की रोलरचे अर्धे गणित समजते. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर. हीच आपली तटबंदी. पाणी, जंतू आणि बहुतेक रसायने इथेच अडतात. या थरासकट बाह्यत्वचा चेहऱ्यावर सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते आणि ती साधारण महिनाभरात नवी होते. मेंदीचा रंग वरच्या थरातच असल्यामुळे तो थोड्या दिवसांत उडतो. बाह्यत्वचेच्या खाली अंतस्त्वचा असते. तिथे रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. गोंदणाची सुई या खालच्या थरात पोचते. तिथल्या पेशी काजळीचे कण गिळतात आणि धरून ठेवतात. एक पेशी मेली की शेजारची पेशी ते कण उचलते. त्यामुळे साठ वर्षांनंतरही आजीच्या हनुवटीवरचा ठिपका जागेवरच राहतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुईबरोबर जे काही खालच्या थरात जाते, ते धुऊन निघत नाही. काजळी असेल तर ती राहते. दुसरे काही असेल तर तेही राहू शकते.

देवी काढणे

देवीची लस हिंदुस्थानात प्रथम मुंबईत यशस्वी झाली. इंग्लंडमधून निघालेली लस वाटेत वाळून निकामी होई. शेवटी बगदाद आणि बसरामार्गे ती मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या दंडावर फोड आला, त्या फोडातील पाणी घेऊन पुढच्या मुलांना टोचले, त्यांच्या फोडांतून आणखी पुढच्यांना. अशा तऱ्हेने लस मुंबईहून पुण्याकडे, सुरतेकडे, हैदराबादकडे गेली. लस टिकवायला बर्फाची पेटी नव्हती. मुलाचा दंड हीच तिची बाटली होती.

या दंडावरून दंडावर जाणाऱ्या पद्धतीने असंख्य मुलांचे प्राण वाचले. मात्र एका मुलाच्या अंगातले दुसरे काही दुखणेही त्याच सुईवरून पुढे जाऊ शकत होते. इटलीतील रिव्हाल्टा या गावी १८६१ साली उपदंश असलेल्या मुलाच्या फोडातून लस घेतली गेली आणि चाळीसहून अधिक मुलांना तो रोग जडला. हे होईपर्यंत रोगजंतूंचा सिद्धांत पुरता मांडलाही गेला नव्हता. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रूढ झाली, आणि माणसाच्या अंगातून माणसाच्या अंगात जाणारी वाट बंद झाली.

आपल्या दंडांवरच्या खुणा बहुधा एका विशिष्ट हत्याराच्या आहेत. एका छोट्या चकतीवर दातेरी टोके बसवलेली असत. लसीचा थेंब कातडीवर ठेवायचा, चकती दाबायची आणि फिरवायची. आजच्या रोलरचा हा जुना आणि रांगडा नातेवाईकच म्हणावा लागेल! यामुळे जखम मोठी होई आणि व्रणही मोठा राही. पुढे बेंजामिन रुबिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दोन टोकांची सुई काढली. तिच्या फटीत लसीचा ०.००२५ मिलिलिटर एवढाच थेंब राही आणि तिने एका जागी पंधरा वेळा हलकेच टोचायचे. ही सुई इतकी सोपी होती की खेड्यातल्या स्वयंसेवकाला थोड्या वेळात शिकवता येई. पण एक नियम सोपा केलेला नव्हता. एकासाठी वापरलेली सुई उकळल्याशिवाय किंवा जाळावर धरल्याशिवाय दुसऱ्याला लावायची नाही. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. या विजयाचे श्रेय लसीइतकेच त्या नियमालाही आहे.

परळचा बंगला

आता प्लेगकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. त्यानंतरची वर्षे महाराष्ट्र विसरलेला नाही. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये रँडचा वध झाला.

या धामधुमीत वॉल्डेमार हाफकिन हे युक्रेनमध्ये जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा खोलीत काम करत होते. तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस्सा लागे. लोकांच्या धर्मभावना लक्षात घेऊन हाफकिननी तो बोकडाच्या मांसाचा केला. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले की त्या थेंबांखाली प्लेगचे जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. आपल्या स्वयंपाकघरातले साजूक तूप विज्ञानाच्या इतिहासात असे जाऊन बसले आहे. वाढलेले जंतू उष्णतेने मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. मुंबईकरांना ती ठाऊक आहेच.

एक चिमटा आणि १९ माणसे

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुल्कोवाल हे गाव, जे आज पाकिस्तानात आहे. परळहून आलेल्या पाच बाटल्यांतून त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. पैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

चौकशी समितीने ठरवले की बाटली परळलाच दूषित झाली असावी. पंजाबला मोठ्या प्रमाणावर लस पुरवायची असल्यामुळे हाफकिननी त्या सुमारास नवी पद्धत घेतली होती. त्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भर होता. ठपका तिथेच ठेवला गेला. हाफकिनना पद सोडावे लागले. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दुसरी बाब दाखवली. गावात बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते प्रतिकूल काळात बीजाणूंचे रूप घेतात, म्हणजे स्वतःभोवती कठीण कवच करून झोपी जातात. हे कवच कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळल्याने फुटत नाही. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते पुन्हा हिंदुस्थानात कामाला आले, पण उमेदीची पाच वर्षे गेली ती गेलीच. आणि ती १९ माणसे परत आली नाहीत.

रसायनशास्त्रज्ञ म्हणून आम्हाला या घटनेतून एक भेद ठळकपणे दिसतो. स्वच्छ आणि निर्जंतुक हे दोन वेगळे शब्द आहेत. त्या चिमट्याला कोणीही स्वच्छच म्हटले असते, कारण तो औषधाच्या पाण्यातून निघाला होता. निर्जंतुक मात्र तो नव्हता. निर्जंतुक म्हणजे जिवंत जंतू आणि बीजाणू, काहीही शिल्लक नाही. त्यासाठी रुग्णालयात ऑटोक्लेव्ह असतो. तो आपल्या प्रेशर कुकरचाच मोठा भाऊ. दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअस तापमान किमान १५ मिनिटे ठेवतो. नुसत्या उकळत्या पाण्याला १०० अंशांवर हे काम जमत नाही. एकदाच वापरायच्या सुया कारखान्यातूनच किरणांनी किंवा वायूने निर्जंतुक होऊन बंद पाकिटात येतात.

शाई काढून टाकली

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९९५ मध्ये न्यू यॉर्कच्या ऑरेन्ट्राइख पितापुत्रांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. खड्ड्याच्या तळाला कातडी खाली ओढून धरणारे धागे ते सुईने तोडत, म्हणजे खड्डा वर येई. १९९७ मध्ये कॅनडातील कॅमिरँड आणि डूसे या शल्यविशारदांनी त्याहून गमतीची गोष्ट लिहिली. शस्त्रक्रियेच्या पांढऱ्या व्रणांवर ते कातडीच्या रंगाचे गोंदण करत. काही काळाने तो रंग उडून गेला, पण व्रण मात्र सुधारलेले आणि काही ठिकाणी कातडीचा नैसर्गिक रंग परतलेला आढळला. तेव्हा त्यांनी विचार केला की काम रंगाने केलेले नसून सुईने केलेले आहे. मग त्यांनी गोंदणाचे यंत्र शाईशिवायच वापरले. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनचे डॉ. डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचे चाक तयार केले. आजचा रोलर त्याच चाकाचा वंशज.

थोडक्यात, मायक्रोनीडलिंग म्हणजे शाईविना गोंदण. बारीक जखमा झाल्या की रक्तातील बिंबिका म्हणजे प्लेटलेट तिथे जमतात, दुरुस्तीचा निरोप देणारी द्रव्ये सोडतात, आणि अंतस्त्वचेतील पेशी नवे कोलॅजेन विणायला घेतात. हे विणकाम दिवसांचे नसून महिन्यांचे असते. म्हणून दवाखान्यात दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवडे जाऊ देतात.

आता वर सांगितलेले आकडे आठवावेत. कोलॅजेन अंतस्त्वचेत आहे, आणि खड्डेही तिथलेच आहेत. तिथे पोचायला दवाखान्यात साधारण ०.५ ते २.५ मिलिमीटर लांबीच्या सुया वापरतात. घरगुती म्हणून विकले जाणारे रोलर बहुधा ०.२ ते ०.३ मिलिमीटरचे असतात, आणि कातडी दबत असल्यामुळे त्याही पूर्ण आत जात नाहीत. म्हणजे ज्या लांबीने खड्ड्यांना गुण येऊ शकतो, त्या लांबीला निर्जंतुकता हवी, आणि ती घरात मिळत नाही. जी लांबी घरात त्यातल्या त्यात निभावते, तिने खड्डे भरत नाहीत. या लेखात लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट असेल, तर ती ही.

"मग आम्ही स्पिरिटने पुसतो ना!" असे कोणी म्हणेल. स्पिरिट उपयोगी आहे, यात शंका नाही. त्यातही ७० टक्क्यांचे ९९ टक्क्यांपेक्षा अधिक चांगले, कारण जंतूंची प्रथिने बिघडवायला थोडे पाणी लागते, आणि निव्वळ अल्कोहोल फार चटकन उडून जाते. परंतु बीजाणूंवर ते चालत नाही. शिवाय दोनशे सुयांच्या मुळाशी वाळलेले रक्त किंवा मलम अडकले असेल, तर त्याच्या आत ते पोचतही नाही. रोलरने धनुर्वात होतो, असे आम्हाला म्हणायचे नाही. इतक्या उथळ जखमेत तो सहसा मूळ धरत नाही. मात्र पू करणारे साधे जंतू, आणि रक्तातून जाणारे विषाणू, यांना सुईचे एवढे टोकही पुरते.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना सौंदर्यगृहात रक्त लावून मायक्रोनीडलिंग केले जाई. तिथल्या एका ग्राहकाला एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ मध्ये लक्षात आले. पुढे चौकशीत अशा आणखी लागणी सापडल्या, आणि २०२४ मध्ये अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने ते सर्व प्रसिद्ध केले. रिव्हाल्टाला जी वाट १८६१ मध्ये उघडी राहिली होती, तीच इथे पुन्हा उघडी राहिली.

दुसरा प्रसंग २०१४ मध्ये त्वचारोगाच्या एका अमेरिकन नियतकालिकात आला. काही स्त्रियांनी क जीवनसत्त्वाचे सीरम लावून त्यावर सुया फिरवून घेतल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर लालसर गाठी आल्या आणि त्या दीर्घकाळ बऱ्या होईनात. सीरम कातडीवर लावण्यासाठी बनवलेले होते, कातडीत घालण्यासाठी नव्हे. सुगंध, रंग, टिकवण्याची द्रव्ये, सगळी तटबंदी ओलांडून आत गेली. आजीच्या काजळीचा नियम इथेही लागू पडला.

सिंगापुरातल्या घरात

या बेटावर सुईचा आणि प्रवाशाचा संबंध जुना आहे. १८७४ पासून सेंट जॉन्स बेटावर क्वारंटाइन होते आणि जहाजाने आलेल्यांना रोगाचा संशय आल्यास तिथे अडकवून ठेवत. मिडल रोडवर त्वचेचे आणि गुप्तरोगांचे रुग्णालय होते. ते काम १९८८ मध्ये मँडले रोडवरील नॅशनल स्किन सेंटरकडे आले. खड्ड्यांसाठी, काळ्या डागांसाठी खरा सल्ला हवा असेल तर तो पत्ता लक्षात ठेवावा. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेल्यास नागरिक आणि पीआर यांना सवलतीचा दर मिळतो. एम्प्लॉयमेंट पास किंवा डिपेंडंट पासवर असलेल्यांना पूर्ण दर पडतो, हे खरे. पण चार रोलर, सहा सीरम आणि नंतर डाग घालवायच्या मलमांचा खर्च मांडून पाहिला, तर एक भेट महाग वाटत नाही.

आपल्या वर्णाची एक गोष्ट परदेशी पाकिटावर लिहिलेली नसते. सावळ्या, गव्हाळ त्वचेला जखम झाली की ती अधिक रंगद्रव्य तयार करते. डास चावला तरी महिनाभर काळा ठिपका राहतो, हा आपला अनुभव आहेच. रोलर जोराने फिरवला तर तसेच शेकडो ठिपके एकत्र येऊन पट्टा उमटू शकतो. त्यात आपण विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर राहतो. इथे बारा महिने ऊन डोक्यावर असते आणि ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोचतात. घामाची तर गोष्टच नको. म्हणजे युरोपातल्या हिवाळ्यात ज्याला पाच दिवस सांभाळावे लागते, ते इथे अधिक दिवस आणि अधिक काळजीने सांभाळावे लागते.

हे सर्व वाचूनही कोणी घरी करणारच असेल, तर निदान पुढील गोष्टी पाळाव्यात.

०.३ मिलिमीटरपेक्षा लांब सुई घरात आणू नये. रक्ताचा टिपका दिसला म्हणजे मर्यादा ओलांडली, असे समजून थांबावे.

रोलर एका माणसाचा. माय-लेकींत, बहिणींत, मैत्रिणींतही वाटून घेऊ नये. दात घासायचा ब्रश आपण देतो का?

पिकलेले मुरुम, ओठावर उठलेला जर, इसब, चामखीळ किंवा तीळ असेल त्या जागी फिरवू नये. चामखिळीचे विषाणू सुयांबरोबर सर्व गालभर पेरले जातात. ज्यांची जखम भरताना उंच गाठ होते, ज्यांना मधुमेह आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेतात, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतात, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हातही लावू नये. भारतातून येणारी गोरेपणाची काही मलमे स्टेरॉइड असलेली असतात आणि त्यांनी कातडी पातळ होते. अशी मलमे लावणाऱ्यांनीही हेच पाळावे.

हात आणि चेहरा साबणाने धुवावा, कोरडा करावा. रोलर आधी कोमट पाणी आणि साबणाने धुऊन मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये दहा-पंधरा मिनिटे बुडवावा, आणि हवेत वाळू द्यावा. ओला रोलर न्हाणीघरात ठेवू नये. इथल्या दमट हवेत ते जंतूंचे माहेरच. हलक्या हाताने, प्रत्येक ओळीनंतर उचलून फिरवावा. दाबून वळवू नये, त्याने ओरखडा पडतो. डोळ्यांच्या पापण्या आणि ओठ सोडावेत.

नंतर निदान एक-दोन दिवस साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर एवढेच. क जीवनसत्त्व, रेटिनॉल, फळांची आम्ले नकोत. हळद, बेसन, लिंबू, मुलतानी मातीही नको. हळद कितीही गुणकारी असली तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते. पुढचे काही दिवस टोपी, छत्री आणि त्वचा शांत झाल्यावर सनस्क्रीन. लाली दोन दिवसांनंतर वाढली, पू, ताप किंवा गाठी दिसल्या, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

सुया थोड्याच वापरांत बोथट होतात आणि वाकतात. वाकलेली सुई टोचत नाही, फाडते. जुना रोलर जाड प्लास्टिकच्या बरणीत घालून, झाकण चिकटपट्टीने बंद करून मगच टाकावा. आपल्या ब्लॉकचा कचरा उचलणाऱ्या माणसाचे हातही हातच आहेत.

शेवटी मुलांविषयी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा पहिल्या उपकरणाला परवानगी दिली, ती चेहऱ्यावरील मुरुमांच्या व्रणांसाठी, आणि २२ वर्षांवरील व्यक्तींसाठी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती रोलर देणे योग्य नाही, हे यावरून कळावे. त्या वयात मुरुम चालू असतात; आधी ते थांबवणारे औषध घेतले, तर पुढचे खड्डेच टळतात. मुरुमांवर आज चांगली औषधे आहेत आणि ती वेळेवर घेणे हाच खड्ड्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मुले दार लावून गुपचूप असे प्रयोग का करतात, याचाही विचार आपण मोठ्यांनी करायला हवा. सुट्टीत गावी गेल्यावर "अगं, चेहऱ्याचं काय करून घेतलंस?" आणि "जरा काळवंडलीस गं तिकडे" ही वाक्ये सुईपेक्षा खोल जातात. पूर्वी देवीचे वण असलेली माणसे घरोघरी होती. त्यांना कोणी वणांवरून हाक मारली असेल, पण तीच माणसे घरे चालवत होती, शाळा काढत होती, संसार करत होती. आपल्या मुलांना एवढे तरी सांगता यावे की चेहऱ्यावरचा उपचार करायचा तर उजेडात, आईवडिलांना सांगून आणि डॉक्टरांना दाखवून करता येतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

हाफकिननी लस आधी स्वतःला टोचून घेतली, पण ती बनवताना उष्णता किती द्यायची, किती वेळ द्यायची, याचे माप त्यांनी ठेवले होते. धाडसाबरोबर माप असावे. घरात माप सांभाळता येत नसेल, तर सुई ज्याच्याकडे माप आहे त्याच्या हाती द्यावी.